पास्त्याचे भांडे आणि आमची चूक

धर्मगुरूने चूल, पातेले आणि पळी यांविषयी लेख लिहावा, हे आमच्या कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. पाककलेत आमची काही विशेष गती आहे असा आमचा मुळीच दावा नाही. तथापि गेल्या उपवासकाळात आमच्या हस्ताक्षरातील एका कागदामुळे एका घरी अर्धा लिटर दूध, दोनशे ग्रॅम चीज आणि एका मुलीचा उत्साह वाया गेला. त्याची भरपाई करणे हे आमच्यावर ऋण होते. ते फेडताना आम्ही जे शिकलो ते इतर घरांसही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

ते घर बेळगाव जिल्ह्यातील आमच्याच धर्मग्रामातले. घरधनी आखाती देशात नोकरीस. गृहिणी शहरातील एका रुग्णालयात परिचारिका. सकाळच्या पहिल्या बसने ती जाते आणि रात्री पावणेनऊच्या सुमारास शेवटच्या बसने परतते. घरी वृद्ध सासूबाई, नववीत शिकणारी मुलगी आणि तिचे दोन धाकटे भाऊ. अशा घरी रात्रीचे जेवण कसे होते ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. धाकटे दोघे साडेसातलाच जेवून घेतात, तेही समोर मोबाइल ठेवून. आजी आठला चार घास खाऊन अंथरुणाला पाठ टेकतात. मुलगी वही-पुस्तकातून डोके वर काढील तेव्हा जेवते. आणि आई घरी येते तेव्हा ओट्यावर झाकून ठेवलेले एक ताट तिची वाट पाहत असते.

एका सायंकाळी आजींची विचारपूस करण्यास आम्ही तेथे गेलो होतो. बोलता बोलता उशीर झाला आणि ती बाई कामावरून आली. पायातले काढून, हात धुऊन, तिने ते ताट उघडले आणि ओट्याशी उभ्यानेच गार भाकरी मोडावयास प्रारंभ केला. आम्ही काही बोललो नाही. बोलली ती मुलगी.

“फादर, भाकरी पुन्हा गरम केली की चामड्यासारखी होते. आणि मम्मी मला म्हणते, तू आता काही करत बसू नकोस. असं काही नसतं का, की आधी रचून ठेवावं, मम्मी आली की गरम व्हावं आणि सगळ्यांनी एकदमच खावं? शुक्रवारी चालेल असं पाहिजे, बिनमांसाचं.”

प्रश्न विचारणारीचे वय चौदा वर्षांचे. पण प्रश्न पुष्कळ घरांचा होता. आमच्या तोंडून चटकन उत्तर निघून गेले, “अगं, आहे की! रोमला आम्ही खात होतो.”

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी अभ्यासाच्या निमित्ताने आमचे रोममध्ये दोन वर्षे वास्तव्य होते. ज्या वसतिगृहात आम्ही राहत होतो तेथील स्वयंपाकीणबाई बोलोन्याकडच्या होत्या. मांस घालून केलेली लाझान्या हा त्या शहराचा अभिमानाचा पदार्थ. परंतु उपवासकाळातील शुक्रवारी त्या बाई मांस वगळून पालक, मटार किंवा फुलकोबी घालीत, वरून दुधाचा पांढरा सॉस ओतीत आणि भले मोठे पत्र्याचे भांडे भट्टीत सरकवीत. कडेला करपूस सोनेरी, आत मऊ आणि दाट. इटलीत या जातीच्या पदार्थांस ‘पास्ता आल फोर्नो’, म्हणजे भट्टीतला पास्ता, असे म्हणतात. आम्ही परदेशी विद्यार्थी रांगेत उभे राहून दुसऱ्यांदा वाढून घेत असू.

त्या आठवणीच्या भरात एका लिफाफ्याच्या पाठीवर आम्ही कृती लिहून दिली. पास्ता चांगला मऊ शिजवावा. अर्ध्या लिटर दुधाचा घट्ट सॉस करावा. भाज्या आणि चीज घालावे. भट्टीत पाऊण तास ठेवावे. त्या घरी नाताळच्या केकसाठी घेतलेली विजेची लहान भट्टी, ज्याला सर्व जण ओव्हन म्हणतात, ती होतीच. मुलीने पुढच्या शुक्रवारचा बेत ठरविला आणि आम्हांसही जेवावयास बोलाविले. चीज तिने स्वतःच्या साठविलेल्या पैशांतून आणले होते, हे आम्हांस नंतर कळले.

त्या शुक्रवारी सर्व मंडळी पावणेनऊपर्यंत थांबली. धाकट्यांचा मोबाइल काढून घेतलेला. आई आली, हात धुऊन बसली, भांडे मध्ये आले. मुलीने डाव घातला, तो आत शिरेना. सुरी आणली. सुरीने कापून वड्या निघाल्या, अक्षरशः वड्या. वर कडक पापुद्रा, आत कोरडा गोळा, आणि तोंडात कच्च्या मैद्याची चव. आजींनी एक घास घोळवून विचारले, “फादर, हे मोडायला कोयता आणू का?” धाकटे हसले. आई दमून आलेली होती. तिने आपला तुकडा निमूटपणे संपविला आणि “चव चांगली आहे हं” असे म्हणाली. त्याबरोबर मुलगी उठून आत गेली. समोर शीतकपाटाच्या दारावर आमचा लिफाफा चिकटविलेला होता. त्यात लिहिल्याप्रमाणे तिने सर्व काही केले होते. चूक तिची नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघरात आम्ही तीन रात्री हाच उद्योग केला. आमचे आचारी जुने, अनुभवी आणि स्पष्टवक्ते आहेत. पहिल्या रात्री ते बाजूला उभे राहून पाहत होते; दुसऱ्या रात्री त्यांनी आमच्या हातून रवी काढून घेतली; तिसऱ्या रात्री आम्हांस केवळ चीज किसण्याचे काम दिले गेले. चूक सापडली ती दुसऱ्या रात्री. रोमला आम्ही पदार्थ पाहिला होता तो ताटात. ताटात सॉस दाट दिसतो म्हणून आम्ही ‘घट्ट सॉस करावा’ असे लिहिले. ताटात पास्ता मऊ लागतो म्हणून ‘मऊ शिजवावा’ असे लिहिले. परंतु पातेल्यातून ताटात येईपर्यंत मध्ये भट्टी आहे, आणि भट्टीत पास्ता दूध पीत राहतो, हे आमच्या ध्यानीच आले नव्हते. तांदळाच्या खिरीचे जे होते तेच याचे होते. सायंकाळी पातळ असलेली खीर सकाळी चमच्याने कापावी लागते, हे ज्या गृहिणींस ठाऊक आहे त्यांना हे निराळे समजाविण्याची आवश्यकता नाही. आम्हांस मात्र ते कळावयास दोन लिटर दूध लागले.

आता कृती सांगतो. सहा माणसांस पुरेल असे प्रमाण देत आहोत: पास्ता साडेतीनशे ग्रॅम, दूध एक लिटर, लोणी साठ ग्रॅम, मैदा साठ ग्रॅम म्हणजे सपाट मोजलेले सुमारे सात मोठे चमचे, चीज दीडशे ग्रॅम, भाज्या निवडून-चिरून अर्धा किलो, ब्रेडचा चुरा दोन मुठी, मीठ, मिरपूड आणि जायफळ.

प्रथम पास्त्याविषयी. पास्ता म्हणजे काही तरी साहेबी वस्तू, अशी आमच्या आजींची समजूत होती. वस्तुतः तो रव्याचा आणि पाण्याचा. तो रवा ड्युरम नावाच्या कठीण, पिवळसर गव्हाचा असतो, आणि हा गहू आपणांस परका नाही. आपल्या भागात ज्यास बन्सी म्हणतात तो ड्युरमच. बन्सी रव्याचा उपमा मोकळा होतो आणि त्याच्या शेवया शिजताना विरघळत नाहीत, याचे कारण त्या गव्हातील चिवट प्रथिने. इटलीत तर १९६७ साली कायदाच झाला की सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या काही स्वस्त पास्त्यांत साधा रवा किंवा मैदा असतो. तो उकळताना लिबलिबीत होतो आणि भट्टीत त्याचा लगदा होतो. म्हणून पाकिटावरील मजकूर वाचून घ्यावा आणि ‘ड्युरम’ हा शब्द असल्याची खात्री करावी. आकार नळीचा घ्यावा. तिरप्या कापाची पेन्ने किंवा बाकदार मॅकरोनी उत्तम, कारण नळीच्या पोटात सॉस शिरून बसतो.

मोठ्या पातेल्यात साडेतीन लिटर पाणी खळखळ उकळावे, त्यात लिटरमागे दोन लहान चमचे मीठ घालावे आणि मग पास्ता सोडावा. पाकिटावर शिजविण्याची जी मिनिटे छापलेली असतात त्यांतून तीन मिनिटे वजा करून पास्ता उतरवावा. दाताखाली धरला तर मध्ये किंचित कच्चा, कठीण कण लागला पाहिजे. हे वाचून कित्येक माताभगिनींचा हात आखडेल. अर्धे कच्चे अन्न उतरविणे आपल्या संस्कारात नाही. पण उरलेले शिजणे त्याने दुधात करावयाचे आहे. पाणी गाळताना दोन वाट्या पाणी बाजूस काढून ठेवावे. त्यात पिठूळ अंश उतरलेला असतो आणि पुढे तो कामी येतो. पास्त्यावर थंड पाणी ओतू नये. चमचाभर तेल लावून मोकळा करून ठेवावा.

आता सॉस. खरी मेख येथेच आहे, आणि बहुतेकांची भीतीही हीच असते की गुठळ्या होतील. फ्रान्समधील राजा चौदावा लुई याच्या पदरी लुई द बेशामेल नावाचे एक अधिकारी होते. त्यांच्या नावावरून या सॉसला बेशामेल म्हणतात. राजदरबारातील नाव मिळाले तरी वस्तू अगदी साधी आहे. १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये प्रसिद्ध झालेल्या पेल्लेग्रिनो आर्तुझी यांच्या पाकपुस्तकात, जे इटलीतील घराघरांत गेले, ती ‘बाल्सामेल्ला’ या नावाने आहे. लोणी, मैदा आणि दूध. चौथी मुख्य वस्तू नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर लोणी वितळवावे. फेस निवला की सगळा मैदा एकदम घालून लाकडी चमच्याने दोन-तीन मिनिटे परतावा. रंग बदलू देऊ नये. शंकरपाळ्याच्या मोहनासारखा खमंग वास सुटला की पुरे. येथे होते असे की लोण्याचा स्निग्धांश मैद्याच्या प्रत्येक कणाभोवती बसतो आणि कण एकमेकांपासून सुटे राहतात. लोण्याविना मैदा दुधात घातला तर बाहेरचे कण भिजून फुगतात, आतले कोरडेच अडकतात, आणि त्यालाच आपण गुठळी म्हणतो. मग पातेले आचेवरून खाली घेऊन गार किंवा कोमट दूध आधी अर्धी वाटी घालावे आणि घोटावे. प्रथम त्याचा घट्ट गोळा होईल, घाबरू नये. आणखी अर्धी वाटी, पुन्हा घोटणे. गोळा सैल होऊन खळीसारखा झाला की उरलेले दूध धार धरून ओतावे आणि पातेले पुन्हा आचेवर ठेवावे. घोटण्यासाठी परदेशात तारांचे यंत्र वापरतात. आमच्या आचाऱ्यांनी आपली ताक घुसळण्याची लाकडी रवी घेतली, आणि आमच्या मते तिच्याहून चांगले साधन नाही. इतके करूनही गुठळ्या राहिल्याच तर गाळणीतून गाळून घ्यावे, कुणास कळणार नाही.

उकळी येऊ लागताच सॉस दाट होतो. मग आच अगदी मंद करून, तळ ढवळीत, आठ-दहा मिनिटे त्यास बुडबुडे येऊ द्यावेत. हीच मिनिटे आमच्या लिफाफ्यावर नव्हती, आणि त्या रात्री तोंडात कच्च्या मैद्याची चव आली ती त्यामुळेच. शेवटी मीठ, मिरपूड आणि किसलेले जायफळ. जायफळ चिमूटभरच, अधिक झाले तर श्रीखंडाची आठवण होते. चीजपैकी शंभर ग्रॅम किसून यातच विरघळवावे.

सॉस किती दाट असावा? पिठल्यासारखा नव्हे, कढीसारखा. चमचा बुडवून वर काढला तर त्यावर पातळ थर राहावा आणि बाकीचा ओघळून जावा. पास्त्याचे राखून ठेवलेले पाणी याच वेळी एक वाटी घालावे. घरी म्हशीचे दूध असेल तर दीड वाटीही लागेल, कारण गाईच्या दुधात स्निग्धांश शेकडा चारच्या आसपास असतो, तर म्हशीच्या दुधात सहा-सात. सॉस तितका जड होतो. हे सर्व मिसळल्यावर भांड्यात पाहिले तर मन साशंक होईल, इतके पातळ दिसेल. आमच्या आचाऱ्यांनीही “फादर, ही आमटी झाली” असा शेरा मारला. पंचवीस मिनिटांनंतर त्यांनी तो मागे घेतला.

शाकाहारी चीजविषयी येथेच एक गोष्ट सांगून टाकू. ज्यांच्या घरी शुक्रवारपुरते मांस वर्ज्य आहे त्यांस हा प्रश्न पडणार नाही. पण पाहुणे पूर्ण शाकाहारी असतील तर पडला पाहिजे. दूध विरजून चीज करण्यासाठी पुष्कळ ठिकाणी वासराच्या पोटातील रेनेट वापरतात. इटलीचे प्रसिद्ध पार्मिजानो तर त्याविना करताच येत नाही, तसा त्यांचा नियमच आहे. आपल्याकडे हिरवा ठिपका असलेल्या पाकिटातील चीज घ्यावे, म्हणजे शंका उरत नाही. घरोघरी मिळणारे प्रक्रिया केलेले चीज या कामी चांगले. ते गुळगुळीत वितळते. वरच्या थरासाठी मोझरेला असल्यास तार धरते व मुले खूश होतात. पनीर मात्र वितळत नाही, कारण ते आंबटाने फाडलेले असते. आवडत असल्यास भाजीबरोबर तुकडे घालावेत. चीजच्या ऐवजी नव्हे.

भाज्या आपल्याकडे काय कमी आहेत? फुलकोबी, गाजर, मटार, कोबी बेळगावच्या बाजारातून रोज गोव्यापर्यंत जातात. फुलकोबीचे लहान तुरे, गाजराचे तुकडे, मटार, थोडी ढोबळी मिरची, हा मेळ आमच्या मते सर्वोत्तम. तांबडा भोपळाही छान लागतो, त्याची गोडी दुधास मानवते. नियम एकच: भाजीतले पाणी बाहेरच आटले पाहिजे. कढईत तेलावर कांदा-लसूण परतून, भाज्या मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, कडा तांबूस होईपर्यंत परताव्यात. पालक असेल तर परतून, गार करून, मुठीत घट्ट पिळून घ्यावा. पाणीदार भाजी तशीच घातली तर भट्टीत ती पाणी सोडते आणि सॉस फुटल्यासारखा दिसतो. टोमॅटो ज्यांस हवाच असेल त्यांनी तो वेगळा आटवून मध्ये एक थर द्यावा.

मग पास्ता, भाज्या आणि सॉस एकत्र करून लोणी लावलेल्या पसरट भांड्यात ओतावे. वर उरलेले चीज आणि ब्रेडचा चुरा. शिळ्या पावाचा चुरा उत्तम होतो, आणि पाव कोणाच्या घरी शिळा होत नाही? भट्टी आधी दोनशे अंशांवर तापवून भांडे वरच्या मधल्या भागात ठेवावे. वीस ते पंचवीस मिनिटांत कडेने बुडबुडे येतात आणि माथा सोनेरी होतो. त्यानंतर बाहेर काढून दहा मिनिटे हात लावू नये. या दहा मिनिटांत सॉस निवून पास्त्याला धरतो. लगेच वाढले तर ताटात पाणी सुटते आणि जिभेला चटका बसतो.

ज्यांच्या घरी ओव्हन नाही, किंवा ज्यांच्या गावी वीज सायंकाळी हमखास जाते, त्यांनी निराश होऊ नये. जाड बुडाची पसरट कढई तव्यावर ठेवून, घट्ट झाकण लावून, अगदी मंद आचेवर वीस मिनिटे ठेवावे. आणि ब्रेडचा चुरा वेगळा लोण्यावर खमंग परतून वाढतेवेळी वर पसरावा. माथा सोनेरी होत नाही, पण कुरकुरीतपणा मिळतो. गोव्याकडील आमच्या वाचकांस आणखी एक उपाय परंपरेने ठाऊकच आहे. बेबिंकाचा प्रत्येक थर वरच्या आचेने भाजतात. ज्या घरी अजून झाकणावर निखारे ठेवण्याची सोय आहे तेथे या भांड्यालाही तीच आच द्यावी.

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येतो: आधी रचून ठेवता येते का? येते, आणि या पदार्थाचा खरा उपयोग तोच. परंतु रचून ठेवलेल्या भांड्यातही पास्ता स्वस्थ बसत नाही, थंडपणी देखील तो सॉस शोषतो. म्हणून सायंकाळी पाचला रचावयाचे असेल तर भांडे निवताच झाकून शीतकपाटात ठेवावे. दुधाचा पदार्थ आपल्या हवेत दोन तासांहून अधिक बाहेर राहू देऊ नये. भट्टीत घालण्यापूर्वी कडेने एक वाटी कोमट दूध ओतावे. काचेचे भांडे असेल तर ते अर्धा तास आधी बाहेर काढावे. गार काच तापलेल्या भट्टीत तडकते. प्रथम वीस मिनिटे फॉइलने झाकून, मग पंधरा मिनिटे उघडे ठेवावे. उरले तर दुसऱ्या दिवशी संपवावे आणि गरम करताना पुन्हा थोडे दूध शिंपडून आतपर्यंत वाफ येऊ द्यावी.

खर्चाविषयी आजींनी आम्हांस स्पष्ट विचारले होते, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. भाकरी-आमटीपेक्षा हे महागच आहे. चीज हीच त्यातील जड वस्तू. दीडशे ग्रॅमच्या ऐवजी पाऊणशे घातले तरी चालते, मात्र मग मिरपूड थोडी वाढवावी आणि सॉसमध्ये चमचाभर मोहरीची पूड घालावी. चीजची उणीव पुष्कळशी झाकली जाते. दुधात मात्र काटकसर करू नये. ती आम्ही करविली होती, तिचा परिणाम वर सांगितलाच आहे. रोज करण्याजोगा हा पदार्थ नव्हे. आठवड्यातून एकदा, फार तर, असे आमचे मत आहे.

तीन रात्रींच्या अभ्यासानंतर आम्ही नवा कागद लिहिला, आणि बरोबर एक लिटर दूध, दोनशे ग्रॅम चीज व पास्त्याचे पाकीट घेऊन त्या घरी गेलो. मुलगी प्रथम कागदास हात लावीना. “फादर, परत तसंच झालं तर?” असे तिने विचारले. आम्ही सांगितले की तसे झाले तर ते आम्ही एकटे खाऊ. आजी लगेच म्हणाल्या, “खातील, खातील. त्यांचे दात अजून शाबूत आहेत.”

पाच वाजता भांडे रचून झाले. सॉस आजींनी घोटला. रवी हातात येताच त्यांचा पास्त्याविषयीचा आकस बराच ओसरला होता. आठला मुलीने भांडे भट्टीत घातले. बस शहराबाहेर पडली की आईने फोन करावयाचा, असे आदल्या दिवशीच ठरले होते. तो फोन आल्यावरच तिने बटण फिरविले. त्याआधी दोनदा तिने आमच्याकडे पाहिले आणि दोनदा आम्ही घड्याळाकडे पाहिले. साडेआठच्या पुढे घरभर लोण्याचा आणि जायफळाचा वास पसरला. धाकट्यांनी मोबाइल आपण होऊन खाली ठेवला आणि ते भट्टीच्या काचेपुढे उकिडवे बसले. आई दारात आली तेव्हा भांडे नुकतेच बाहेर निघाले होते. तिने ओट्याकडे पाहिले. झाकलेले ताट तेथे नव्हते.

“मम्मी, दहा मिनिटं थांबायचंय,” मुलगी म्हणाली. “तू कपडे बदलून ये.”

ती आली. सहा जण बसलो, आमच्यासह. डाव भांड्यात अलगद बुडाला. बराच वेळ कोणी फारसे बोलले नाही. मग आजींनी ताट पुढे केले आणि दुसऱ्यांदा वाढावयास सांगताना एक सूचनाही केली, “पुढच्या वेळी लसणीबरोबर दोन हिरव्या मिरच्या ठेचून घाल गं पोरी. हे फादरांच्या रोमात मिळत नसतील.”

पुढच्या शुक्रवारी तिने त्या घातल्या. चांगल्या लागतात.